बोर्ड बदलला, तरी प्रोग्रॅम तोच

घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी, शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात, पाण्याच्या मोटारीच्या पेटीत आता स्टार्टरसोबत अनेक ठिकाणी एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्डही दिसतो. थ्री फेज वीज आली की मोटार चालू करायची, एखादा फेज गेला किंवा पाणी आटले की बंद करायची, हे त्याचे काम. त्याच्या चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर.

बोर्ड बिघडला की बाजारात तोच पुन्हा मिळेलच असे नाही. मोटार चालवण्याचे नियम तेच राहतात. बदलते ती जोडणी. आधी २६ क्रमांकाच्या पिनवर असलेला रिले नव्या बोर्डावर २७ वर असतो. हे आकडे प्रोग्रॅममध्येच जागोजागी लिहिले, तर प्रत्येक बोर्डासाठी वेगळी प्रत सांभाळावी लागते.

लिनक्सलाही हाच त्रास झाला. एआरएम चिपांच्या बोर्डांसाठी लिहिलेला स्वतंत्र कोड एवढा साचला, की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली. पुढे तिथे ‘डिव्हाइस ट्री’ रुळली: बोर्डाचे वर्णन वेगळ्या फाइलमध्ये, मूळ प्रोग्रॅम एकच. लिनक्स ही माहिती सुरू होताना वाचते. लहान चिपांसाठीची झेफिर प्रणाली मात्र फर्मवेअर तयार होतानाच ती त्यात मुरवते. म्हणून तिथे फाइल बदलली की फर्मवेअर पुन्हा तयार करून चिपमध्ये भरावे लागते.

या फाइलमधील एक शब्दही जोखमीचा असतो. काही रिले पिनवर व्होल्टेज आल्यावर ओढतात, काही ते शून्य झाल्यावर. दुसऱ्या प्रकाराला ‘ॲक्टिव्ह लो’ म्हणतात. ही नोंद चुकली, तर ‘बंद’ म्हटल्यावर मोटार चालू होते. त्या वेळी कोणी फूटव्हॉल्व्ह साफ करायला विहिरीत उतरलेले असेल, तर गाठ जिवाशी आहे.

फाइलच्या आवाक्याबाहेरच्याही गोष्टी आहेत. मूळ ईएसपी३२ चिपच्या ३४ ते ३९ या पिना फक्त माहिती आत घेतात; त्यांच्यावरून रिले चालत नाही. वीज आल्यापासून प्रोग्रॅम सुरू होईपर्यंतच्या क्षणात रिले बंद ठेवायचा, तर बोर्डावर योग्य रेझिस्टर लागतो.

म्हणून मी सुचवतो: नवी फाइल भरल्यावर आधी मोटारीऐवजी दिवा जोडावा आणि वीज दहा वेळा घालवून-आणून पाहावी. आणि फाइलची छापील प्रत पेटीतच ठेवावी. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला पेटी उघडताच कोणती तार कुठे जाते ते कळेल.