मुलांच्या हाती सोपवलेली वाट

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघालं की बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य लागतं. 1968 साली घोषित झालेलं हे अभयारण्य आज बारा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे आणि तिथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पण सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांची नजर असते ती वरच्या किल्ल्याच्या सुळक्यावर. आपण गडकोटांची माणसं. चढून जायची जागा दिसली की पाय तिकडेच वळतात. लहान मूल बरोबर असलं तर त्याला चुचकारत, ओढत, शेवटी कडेवर घेऊन का होईना, किल्ला ‘करायचा’ असतो. याच अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटाही आहेत. सहा ते दहा वर्षांचं मूल असलेल्या घरासाठी सुळक्यापेक्षा अशी छोटी वाट अधिक मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: ती वाट मोठ्यांनी मुलाला दाखवायची नाही, मुलाने मोठ्यांना न्यायचं. वाटेवर क्रमांक टाकलेले खांब, मुलाच्या हातात त्याच क्रमांकांचे प्रश्न असलेला कागद, आणि आईवडील दोन पावलं मागे. एवढ्या सामग्रीवर काम भागतं.

ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले कीटकतज्ज्ञ फ्रँक लुट्झ यांनी 1925 साली न्यूयॉर्कजवळच्या जंगलात अशी पायवाट आखली. खरं तर त्यांनी दोन वाटा केल्या. पहिलीवर झाडाझुडपांना माहितीच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. दुसरीवर माहितीऐवजी प्रश्न होते आणि उत्तर ज्याचं त्याने शोधायचं होतं. पुढे जगभरच्या उद्यानांनी उचलली ती मुख्यतः पहिली वाट, कारण पाटी लावली की काम संपतं. आपल्याकडेही झाडाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि औषधी उपयोग एवढा मजकूर गंजत्या पत्र्यावर लिहिलेला दिसतो. आई तो मोठ्याने वाचते, मूल पाटीकडे पाहतं आणि झाडाकडे न बघताच पुढे जातं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी फ्रीमन टिल्डन यांनी 1957 साली लिहिलेल्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं आहे. माहिती पुरवण्यापेक्षा कुतूहल जागं करणं हे निसर्ग उलगडून सांगणाऱ्याचं मुख्य काम आहे, आणि मुलांसाठी मोठ्यांचाच मजकूर सोपा करून चालत नाही, मांडणीच मुळापासून वेगळी लागते, असं त्यांचं म्हणणं.

वेगळी म्हणजे कशी, ते पळसापाशी थांबून पाहता येईल. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण घराघरात आहे. कागदावर एवढंच विचारायचं: म्हण खरी आहे का? डोळा कुठे फुटतो ते बघून सांग. झाडाचं पान फांदीला जिथे जुळतं, तिथे बेचक्यात एक बारीकसा डोळा असतो. पुढची डहाळी किंवा फूल तिथून येतं. मूल तिन्ही पानांच्या बुडाशी शोधतं. तिथे काही सापडत नाही. मग लांब देठावरून बोट खाली आणत ते फांदीपर्यंत पोचतं आणि तिथे डोळा दिसतो. म्हणजे ज्यांना आपण तीन पानं म्हणतो, ती एकाच पानाची तीन दलं आहेत. हे वनस्पतिशास्त्र आहे, आणि सात वर्षांच्या मुलाने ते स्वतः बोट फिरवून मिळवलेलं आहे. उंबराचंही तसंच. दुर्मीळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. खाली पडलेलं फळ फोडून पाहिलं तर आत फुलांची दाटी असते, कधी त्या फुलांचं परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्याही. तिसरं काम खोडांवरच्या राखाडी-हिरवट चट्ट्यांचं. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे ते भाऊबंद, आणि यांतल्या अनेक जातींना दूषित हवा सोसत नाही. कर्नाळ्यातून महामार्गच जातो. तेव्हा रस्त्यालगतच्या पाच झाडांवरचे चट्टे मोजायचे, आतल्या पाच झाडांवरचे मोजायचे आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे. फरक दिसेल किंवा दिसणार नाही. दिसला तरी तो धुराचा, सावलीचा की सालीचा, यावर घरात वाद होईल. मला हे काम सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण याचं उत्तर मागच्या पानावर छापता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो आईवडिलांचाच: आम्हालाच काही माहीत नाही, मूल चुकलं तर सुधारणार कोण? पण वरच्या कामांत चूक झाली तरी ती झाडासमोरच पकडता येते. आईवडिलांनाही उत्तर ठाऊक नसणं इथे अडचणीपेक्षा सोयीचंच, कारण मग तेही खरोखर बघू लागतात. दुसरा आक्षेप, हे सगळं शाळेत होतंच. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले, ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक आपल्या मुलांच्या दप्तरात असतंच. तरीही परिसराचा अभ्यास चार भिंतींत उरकला जातो, हे पालकांना सांगायला नको. मोबाइलने फोटो काढून झाडाचं नाव मिळतं, हेही खरं. नाव मिळालं की बघणं मात्र थांबतं. म्हणून नाव शेवटी सांगावं.

धोक्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. ‘दगड उचलून पाहा’, ‘बिळात डोकाव’ असली कामं कागदावर कधीही नसावीत, पाचोळ्यात हात घालायला सांगू नये. मूल नजरेआड होणार नाही एवढीच मोकळीक द्यावी. एवढी काळजी घेतली तर छोटी वाट किल्ल्यापेक्षा सुरक्षितच ठरते. कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात आणि तिथे गोंगाट करणं अंगाशी येऊ शकतं. अभयारण्यातून काही तोडून नेणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून कामं डोळ्यांची, कानांची आणि कागदाची हवीत. ऐनाच्या भेगाळ सालीवर कागद धरून खडू घासला की ठसा घरी येतो, साल झाडावरच राहते.

आणि वाटाड्यांचं काय? मुलं स्वतःच फिरू लागली तर स्थानिकांची मिळकत बुडेल, ही शंका रास्त आहे. पण कागदावरचे हे प्रश्न मुंबईत बसून लिहिता येणार नाहीत. फाल्गुनात पळस निष्पर्ण होऊन फुलतो, तेव्हा पानाचा प्रश्न निकामी होतो; दर ऋतूला नवा कागद लागतो. कोणतं झाड कधी काय करतं, कोणत्या फळावर कोण येतं, हे या भागातल्या ठाकर आणि कातकरी माणसांना जितकं ठाऊक आहे तितकं क्वचितच कुणाला असेल. कागद तयार करण्याचं काम वनखात्याने मोबदला देऊन त्यांच्याकडून करून घ्यावं. शेवटच्या खांबासमोरची जागा कोरी ठेवावी, तिथे मुलाने स्वतःचा प्रश्न लिहावा, आणि फाटकापाशी बसलेल्या वाटाड्याला तो विचारण्याची सोय प्रवेशशुल्कातच धरलेली असावी.