गच्ची कोणी शाकारायची?

मराठीत ‘शाकारणे’ असे एक फार सुरेख क्रियापद आहे. वैशाख उतरू लागला की कोकणात माणसे छपरांवर चढत. फुटकी कौले काढीत, सरकलेली नीट बसवीत, पन्हळीतला पाचोळा उपशीत आणि मृगाच्या आत घर शाकारून मोकळी होत. वर्गात हा शब्द आला की हल्लीची मुले माझ्याकडे नुसती पाहत राहतात. त्यांचा काय दोष? सिमेंटची सपाट गच्ची आली, कौले गेली आणि कौलांबरोबर ते क्रियापदही गेले. ज्या कामाला बोलण्यात शब्द उरत नाही, ते काम माणसे हळूहळू करीनाशी होतात.

राहत्या घराचे एक वेळ निभते. छत ठिबकू लागले की घरातले कोणी तरी जागे होते आणि बादली लावते. व्यापारी इमारतीचे तसे नाही. खाली दुकानांचे गाळे, वर डॉक्टर, वकील, शिकवणीचे वर्ग, आणि ज्याचे त्याचे लक्ष आपापल्या गल्ल्यावर. गच्ची सर्वांची, म्हणजे कोणाचीच नव्हे. शिवाय रात्री आणि रविवारी तिथे माणूस नसतो. असतो तो नुसता माल.

पुण्यातले माझे एक स्नेही वह्यांचे घाऊक व्यापारी आहेत. त्यांचा हंगाम जूनचा, शाळा उघडण्याचा. म्हणजे गोदाम काठोकाठ भरलेले असते ते नेमके वळवाच्या आणि मृगाच्या दिवसांत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सोमवारी त्यांनी कुलूप काढले, तो आत घोटाभर पाणी आणि वह्यांचे गठ्ठे पावासारखे फुगलेले! पावसाचा तर अजून थेंबही पडला नव्हता. शोधाअंती कळले ते असे: शनिवारी पाणी गेलेले असताना वरच्या मजल्यावर कोणी तरी हात धुवायला नळ सोडला, पाणी येईना म्हणून तो तसाच ठेवला आणि घरी गेला. रविवारी नळाला पाणी आले. बेसिनच्या तोंडाशी चहाचा चोथा बसलेला. मग पाण्याने आपली वाट आपण शोधली.

ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. वरचे गठ्ठे वाचले, खालचे चार थर गेले. “रद्दीवालासुद्धा ओला कागद घेत नाही हो,” एवढेच ते मला म्हणाले. हंगामासाठी काढलेले कर्ज मात्र ओले होत नसते!

गृहस्थ चिवट. त्यांनी प्रथम आपल्यापुरते पाहिले. माल जमिनीवरून उचलून लाकडी पॅलेटवर आणला आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. त्यामुळे वारा खेळतो आणि भिंतीला ओल आली तर दिसते तरी. मग शेजाऱ्यांना भंडावून प्रत्येक मजल्यावर पाण्याचा मुख्य कॉक बसवून घेतला. शेवटी जाणाऱ्याने दिव्यांबरोबर तोही बंद करायचा.

नंतर ते गच्चीवर चढले आणि मलाही घेऊन गेले. काय म्हणून नव्हते तिथे! मोडक्या खुर्च्या, सुतळीचे भेंडोळे, पावसाच्या पाइपाच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशव्या, कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप. कोणा दुकानदाराच्या पाटीचा लोखंडी सांगाडा कोब्यातूनच बोल्ट ठोकून उभा केलेला. म्हणजे गच्चीला स्वहस्ते पाडलेली भोकेच ती. पिंपळ वरून छाटून भागत नाही. मूळ सांध्यात राहते, जाड होते आणि फट रुंदावते.

एक हिशेब सर्वांनी मनात ठेवावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ९४,४०० लिटर! एवढे पाणी दोन-चार पाइपांच्या तोंडांतून उतरायचे, आणि त्यातल्या एकात पिशवी अडकली तर? गच्चीला उतार हवा तो याचसाठी, शंभर फुटांस फूटभर तरी. दहा सेंटिमीटर पाणी तुंबले तर दर चौरस मीटरला शंभर किलोंचे ओझे होते.

ओल जिथे दिसते तिथेच गळते असेही नाही. पाणी स्लॅबमधून सरकत जाते आणि भलत्याच गाळ्यात उतरते. आपले लोक तिथे रंगाचा हात मारतात. पुढच्या श्रावणात पापुद्रे सुटतात, लोणा धरतो, पुन्हा रंग. खरे तर पाहणीचा काळ हाच, दिवाळीनंतरचा. डाग अजून ताजे असतात आणि कोबा दुरुस्त करायला कोरडे दिवस हाताशी असतात. दुरुस्तीनंतर पाइपांची तोंडे बांधून गच्चीवर वितभर नव्हे, चार बोटे पाणी दोन दिवस उभे करावे. खाली छत कोरडे राहिले तरच गवंड्याचा हिशेब चुकता करावा.

नदीच्या पुरापुढे मात्र गच्ची काय करणार? २०२१च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत वासिष्ठीचे पाणी दुकाने बुडवून वर चढले. तिथे विजेचे मीटर आणि हिशेबाची कागदपत्रे मुळातच वरच्या मजल्यावर हवीत. आणि तळघर असेल तर सांडपाण्याच्या पाइपाला उलटे पाणी अडवणारी झडप हवीच, नाही तर नदी यायच्या आधी गटार आत येते.

आमच्या स्नेह्यांच्या इमारतीत आता अक्षय तृतीयेनंतरचा पहिला रविवार ठरलेला आहे. किल्ली रखवालदाराकडे, झाडू ज्याचे त्याने आणायचे. खर्चावरून वाद झालाच. तळमजला म्हणे, गच्ची आमच्या डोक्यावर नाही. वरचा मजला म्हणे, वह्या आमच्या नाहीत. अखेर दर गाळ्यामागे सारखी वर्गणी ठरली. वकीलसाहेबांची यंदाची अजून यायची आहे.