दिवाळीतला विश्वचषक

भारतात फिफाचा पहिला विश्वचषक रंगला तो ऐन २०१७च्या दिवाळीत. सतरा वर्षांखालील मुलांची ही स्पर्धा ६ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २८ ऑक्टोबरला कोलकात्यात संपली. नरकचतुर्दशीला पहाटे औरंगाबादेतल्या आमच्या मुकुंदवाडीत अभ्यंगस्नानं उरकली, फटाके फुटले आणि त्याच दिवशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घानानं नायजरला २-० असं घरी धाडलं. भाऊबीजेला उपांत्यपूर्व फेरी सुरू झाली. सणाचा इतका भरगच्च आठवडा मी दुसरा पाहिलेला नाही.

भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तरी कोलंबियाविरुद्धचं ते ८२वं मिनिट विसरता येत नाही. संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला, जॅक्सन सिंग उंच उडाला आणि हेडर थेट जाळ्यात. फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! दिल्लीचं स्टेडियम अजून नाचतच होतं, तेवढ्यात कोलंबियाच्या पेन्यालोझानं दुसरा गोल केला. आपल्या पोरांत हुन्नर होता, धावण्यात कसर नव्हती. बरोबरी साधल्यावर पुढची दोन मिनिटं डोकं थंड ठेवून काढायची, हे मात्र शिबिरात शिकवून येत नाही. दर आठवड्याला चुरशीचे सामने खेळूनच ते अंगात मुरतं.

२५ ऑक्टोबरचा स्पेन-माली उपांत्य सामना बघायला मी मुकुंदवाडीहून नेरूळला गेलो होतो. माली ०-२नं मागे होता. तासाभराचा खेळ झाला असेल, मालीच्या डुकुरेनं लांबून तोफ डागली. चेंडू आडव्या दांडीवर आदळला, गोलरेषेच्या आत टप्पा पडला आणि बाहेर उसळला. पंचांनी गोल दिला नाही. शेवटी ३-१ असा स्पेन जिंकला. माझ्या हिशेबी तो गोलच होता आणि मालीच्या त्या संघाचं मला आजही वाईट वाटतं. अंतिम सामन्यात ०-२ अशा पिछाडीवरून इंग्लंडनं स्पेनला ५-२ हरवलं. फिल फोडेन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकूण प्रेक्षक १३ लाख ४७ हजारांच्या वर गेले. या वयोगटाच्या विश्वचषकातला तो तेव्हाचा उच्चांक होता.

स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ काढून शाळाशाळांतून दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत आखला. उपक्रम चांगलाच होता. पण एका दिवसानं खेळ रुजत नाही. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. तो कोल्हापूरचा निघाला, यात मला नवल वाटलं नाही. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे संघ शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं लीग खेळतात आणि पेठांतली माणसं आपापल्या तालमीसाठी घसा कोरडा करतात.

२०२२मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. इराणशी ०-० बरोबरीनंतर करोनामुळे भारताकडे पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि यजमानच स्पर्धेबाहेर गेले. फार जिव्हारी लागलं ते. त्याच वर्षी दिवाळीत सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला. त्यात भारत अमेरिकेकडून ०-८ असा हरला. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला पुन्हा नेरूळला झाला आणि स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. पराभूत संघातली लिंडा कायसेदो वयाच्या चौदाव्या वर्षापासून मायदेशातली व्यावसायिक लीग खेळत होती. पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात तिनं जर्मनीला गोल मारला.

दर आठवड्याची अशी लीग मुकुंदवाडीतही हवी, पण त्यासाठी मी हिरवळ मागत नाही. २०१९च्या टंचाईत इथली मुलं पाण्यासाठी कळशा घेऊन रेल्वेनं औरंगाबाद स्टेशन गाठत होती, तिथे गवताला पाणी कुठून आणायचं? सपाट केलेलं मातीचं मैदान, दोन गोलपोस्ट, आणि शाळा व तरुण मंडळांची दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालणारी लीग एवढं पुरे. गणेश मंडळं मांडवाची वर्गणी घरोघर फिरून जमवतात; त्यातला थोडा पैसा दर वर्षी या लीगसाठी बाजूला काढावा, आणि मुलींचे संघ पहिल्याच वर्षापासून त्यात असावेत.