माथ्यावर चक्की, खाली बिछाने

लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात २०१० साली 'स्ट्राटा' हा १४८ मीटर उंचीचा रहिवासी मनोरा उभा राहिला. त्याच्या माथ्याला तीन मोठी गोल भोकं आहेत आणि प्रत्येकात नऊ मीटर व्यासाची एक पवनचक्की. लोकांनी त्याचं नाव 'रेझर' ठेवलं, आणि 'बिल्डिंग डिझाइन' नियतकालिकाने कुरूप नव्या इमारतींसाठीचा 'कार्बंकल कप' त्याच वर्षी त्याच्या गळ्यात घातला. रूपाचं जाऊ द्या. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे या चक्क्यांच्या खाली चारशेहून अधिक घरं आहेत, आणि घरात माणसं रात्री झोपतात.

चक्कीचा त्रास दोन वाटांनी खाली उतरतो. एक वाट हवेतली. पात्याच्या मागच्या कडेवरून हवा सुटते तेव्हा सळसळ होते, आणि तिची तीव्रता वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. टोकाचा वेग निम्मा केला की आवाज १५ डेसिबलने उतरतो. एवढी सूट दुसऱ्या कुठल्याच उपायात मिळत नाही. म्हणून स्ट्राटाच्या चक्क्यांना नेहमीच्या तीनऐवजी पाच पाती दिली. पाती जास्त असली की चक्की सावकाश फिरूनही वारा पकडते, आणि प्रत्येक पात्यावरचा भार कमी होतो. स्कॉटलंडच्या 'स्विफ्ट' या छोट्या चक्कीने वेगळी युक्ती केली. तिथे पात्यांची टोकं एका गोल कड्यात बांधलेली असतात, म्हणजे टोकाशी होणारे भोवरे दबतात.

दुसरी वाट इमारतीच्या अंगातून जाते, आणि खरी डोकेदुखी तीच. पहाटे सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या भिंतीला हात लावून पाहा. पंप तळघरात, घुमतंय मात्र तुमच्या उशाशी. चक्कीचंही तसंच, फक्त दिशा उलटी. गिअर आणि जनित्राची गुणगुण खांबातून स्लॅबमध्ये उतरते आणि पूर्ण छतच बोलू लागतं.

यावर सगळ्यांना पहिल्यांदा रबरी पॅड आठवतो. पण पॅडचं एक गणित आहे. वरच्या वजनाने तो १ सेंटीमीटर दबत असेल, तर त्याची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला ५ असते. साधारण ७ च्या वरचे कंप तो अडवतो. त्याखालचे अडवत नाही, आणि ५ च्या आसपासचे तर उलट वाढवून खाली पाठवतो. आता समजा एखादी चक्की मिनिटाला ६० फेरे घेते. पात्यांच्या वजनात जराही फरक असला की सेकंदाला एक हादरा ठरलेला. तो अडवायला नुसती सुरुवात करायची, तरी पॅड अर्धा मीटर दबायला हवा. असा पॅड कोण बसवणार?

गंमत इथेच आहे. सळसळ कमी व्हावी म्हणून चक्की हळू फिरवावी, तर तिचे हादरे पॅडच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून पाती काटेकोर तोलावी लागतात आणि खाली वजन ठेवावं लागतं. स्ट्राटात प्रत्येक चक्की पाच टनांच्या बैठकीवर आहे, आणि बैठक चार कंपशोषकांवर. गुणगुणीचा बंदोबस्त शोषकांनी करायचा, हादऱ्यांचा वजनाने.

एवढं करूनही वारा ऐकतोच असं नाही. इमारतीच्या कडेवर आपटून वर येणारा वारा गोंधळलेला असतो. पात्यांवर तो सतत कमीजास्त धक्के देतो. ब्रिटनमध्ये २००७ ते २००९ या काळात 'वॉरिक विंड ट्रायल्स'मध्ये छपरांवरच्या २६ छोट्या चक्क्या तपासल्या गेल्या. उत्पादन अंदाजाच्या खूपच खाली आलं. त्यांतल्या सर्वांत चांगल्या चालणाऱ्या चक्क्या उंच इमारतींवरच्या होत्या, आणि नेमक्या त्याच चक्क्या आवाजाबद्दलच्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे बराचसा काळ बंद ठेवाव्या लागल्या. स्ट्राटाच्या चक्क्यांनी इमारतीच्या गरजेची सुमारे ८ टक्के वीज द्यावी असा हिशेब होता. पुढे त्यांचं नाव झालं ते बहुतेक वेळ उभ्या राहण्याबद्दल.

बहारीनच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरने २००८ साली २९ मीटर व्यासाच्या तीन चक्क्या दोन मनोऱ्यांमधल्या पुलांवर सुरू केल्या. तिथे कार्यालयं आहेत. रात्री उशाशी कुणी नसतं, हा फरक मला कुठल्याही कंपशोषकापेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा तुमच्या गच्चीसाठी कुणी चक्की घेऊन आलं, तर पॅड कुठल्या कंपनीचा हे नंतर विचारा. आधी पात्याच्या टोकाचा वेग विचारा, आणि खालच्या खोलीत कोण झोपतं ते त्याला दाखवा. जागा असेल तर इमारतीपासून दूर, स्वतःच्या पायावर उभा केलेला खांब केव्हाही बरा.