म्हैस उडत नाही

पुण्यातल्या एका वस्तीतली अंगणवाडी. पत्र्याचं छप्पर, आणि शेजारच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून थेट आत. मुलं सतरंजीवर गोल करून बसली आहेत, प्रत्येकाचं एक बोट जमिनीला टेकलेलं. ताई म्हणतात, "चिमणी... भुर्र!" बोटं वर. "पोपट... भुर्र!" पुन्हा वर. लय जमली की हळूच, "म्हैस... भुर्र!" बरीच बोटं वर जातात आणि हशा पिकतो. चार वर्षांची एक मुलगी मात्र उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत आवळून बसली आहे. बोट निसटू बघतंय, ती सोडत नाही.

ताई कुणालाच बाद करत नाहीत. चुकलेल्याला विचारतात, "म्हशीला पंख असतात का रे?" आणि उत्तरासाठी थांबतात. पाठोपाठ खेळाचा वेग वाढवतात. मग त्या मुठीवालीलाच पुढे बोलावतात, "आता तू सांग."

सवयीनं उठणारं बोट आवरणं, टीव्हीचा गोंगाट बाजूला सारून ताईंचा शब्द पकडणं, या कामांत कपाळामागच्या मेंदूचा मोठा वाटा असतो. हा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी गाठावी लागते. पण मन आवरण्याची ही ताकद तीन ते सहा या वयात झपाट्यानं वाढते. एका खोलीत पाच-सहा माणसं, पाण्याची ओढाताण, कामाचा भरवसा नाही, अशा घरात या ताकदीला हवा तो निवांतपणा मिळत नाही. मूल मात्र हुशारीत कुठेच कमी नसतं.

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये हेलन नेव्हिल यांच्या गटानं गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांसोबत आठ आठवडे लक्ष एकवटण्याच्या खेळांचं असंच काम केलं. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परिणाम पाहण्यासाठी, दोन गोष्टी एकाच वेळी कानावर पडत असताना मुलांनी एकीकडेच लक्ष द्यायचं, आणि त्या वेळी मेंदूतले विद्युतसंकेत मोजायचे. ज्या मुलांच्या आईवडिलांनाही दर आठवड्याला बोलावून शिकवलं होतं, त्यांच्यात स्पष्ट सुधारणा दिसली. मुलांवर भर देऊन पालकांना कमी वेळ दिलेल्या गटात ती तशी दिसली नाही.

आईवडिलांना सोबत घ्यावं लागतं, हे ताईंना अनुभवानं ठाऊक आहे. न्यायला आलेल्या आईला त्या दारातच सांगतात, "भाजी निवडताना खेळा हिच्याशी. उत्तर लगेच सांगू नका, जरा वाट बघा."

आईला असं शिकवण्याचं मोल जमैकातही दिसलं. तिथे १९८६-८७ पासून उंची खुंटलेल्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात, घरगुती खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला शिकवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ही मदत न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली.

आपल्याकडे ताई आहेत, खेळ आहेत, आयाही दारापर्यंत येतात. पण ताईंचा वेळ रजिस्टरं, मोबाईलवरची माहिती आणि सर्वेक्षणं यांत जातो. आईशी बोलण्याचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत रीतसर धरला गेला पाहिजे, आणि त्याचं मानधनही मिळालं पाहिजे.