परगावचे लोक जेवतात कुठे?

नव्या गावात उतरलेल्या माणसाला तासा-दोन तासांत एक गोष्ट ठरवावीच लागते, ती म्हणजे जेवायचं कुठे? देवळं, किल्ले, संग्रहालयं उद्यावर ढकलता येतात, भूक ढकलता येत नाही. या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांची कमतरता मात्र कधीच नव्हती. पूर्वी लॉजचा मॅनेजर असे, रिक्षावाला असे, गाडीत शेजारी बसलेला कुणी जाणकार असे. आता खिशात फोन असतो. तो क्षणात पन्नास हॉटेलं दाखवतो आणि प्रत्येकापुढे चांदण्या लावतो. गंमत अशी की, ‘चांगलं कुठे मिळेल?’ असं विचारलं की हे सगळेच आपल्याला पाहुणा समजतात आणि पाहुण्याला शोभेल असं ठिकाण सांगतात. आपणही घरी आलेल्याला बाहेरच्या खोलीतच बसवतो, थेट चुलीपाशी नेत नाही. तशातलाच हा प्रकार. मग आपण एका गार, अंधाऱ्या हॉलमध्ये जाऊन बसतो. समोर चौदा पानांचं मेनूकार्ड येतं आणि त्यातला प्रत्येक पदार्थ देशातल्या कुठल्याही शहरात तसाच लागतो.

मी छपाईयंत्रांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने तीसेक वर्षं देशभर फिरलो. दौरा कधी आठवड्याचा, कधी तीन आठवड्यांचा. भत्ता बेताचा. एखादा दिवस माणूस कुठेही काहीही खाऊन काढतो. एकवीस दिवस नाही काढता येत. तिसऱ्या दिवशी त्या तांबड्या ग्रेव्हीकडे बघवत नाही, पाचव्या दिवशी पोट कुरकुरायला लागतं. बरं, पोट बिघडलेला मेकॅनिक बिघडलेल्या यंत्रासमोर उभा राहून करणार काय? तेव्हा हा शोध माझ्यासाठी चैनीचा कधीच नव्हता, नोकरीचाच भाग होता.

त्या फिरतीतून माझी एक रीत बसली. त्या गावात जे लोक आपल्यासारखेच परके आहेत, पण रोज तिथे राहतात, ते दुपारी कुठे जेवतात ते बघायचं. गावचा माणूस जेवतो घरी. त्याला हॉटेल लागतं ते वाढदिवसाला, नाहीतर रविवारी. रोजचं, परवडणारं, पोटाला सोसणारं जेवण शिजतं ते घर मागे टाकून आलेल्यांसाठी: कारकून, विद्यार्थी, हमाल, फिरते विक्रेते. हा माणूस दिवसातून दोनदा येतो, महिनाभर येतो. त्याला एकदा फसवता येतं, साठ वेळा नाही. म्हणून मी ‘चांगलं कुठे मिळतं?’ असं विचारणं सोडून दिलं. छापखान्यातल्या बाइंडरला, बँकेतल्या शिपायाला सरळ विचारायचं, ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ पहिल्यांदा तो ओशाळतो. ‘ते तुमच्यासारख्यांचं नाही, साहेब,’ म्हणतो. तेच आपलं ठिकाण.

या बाबतीत कोलकात्याचा हात धरणारं शहर मी पाहिलं नाही. कॉलेज स्ट्रीट म्हणजे पुस्तकांची पेठ आणि आजूबाजूच्या गल्ल्या छापखान्यांच्या व बाइंडिंगवाल्यांच्या, तेव्हा माझं जाणं तिथे नेहमीचं. तिथल्या भवानी दत्त लेनमध्ये ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे. नाव असं की आत जाताना झेंडावंदनाला निघाल्यासारखं वाटावं! पूर्वी ते नुसतंच ‘हिंदू हॉटेल’ होतं. देश स्वतंत्र झाला आणि नावापुढे ‘स्वाधीन भारत’ लागलं. जवळच प्रेसिडेन्सी कॉलेज, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या पिढ्या इथे जेवल्या. विद्यार्थिदशेत सुभाषबाबूही इथे येत, असं तिथे अभिमानाने सांगतात.

अशा ठिकाणांना तिकडे ‘पाइस हॉटेल’ म्हणतात. पाइस म्हणजे जुना पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा तो गेला, पण हॉटेलांना चिकटून राहिला. खेड्यापाड्यांतून नोकरीसाठी आलेले बंगाली बाबू महानगरात ‘मेसबाडी’त, म्हणजे एकेका खोलीत चार-चार खाटा टाकून राहत. १९९३ साली दूरदर्शनवर आलेला ब्योमकेश बक्षी आठवतो ना? तो राहायचा ते हॅरिसन रोडवरचं बिऱ्हाड अशाच एका मेसमधलं. (ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय पुढे आपल्या पुण्यात येऊन राहिले, हे जाता जाता.) या बाबूंच्या दोन वेळच्या जेवणासाठी पाइस हॉटेलं निघाली.

इथे थाळी नसते. भाताचे पैसे वेगळे, डाळीचे वेगळे, तळलेल्या वांग्याचे वेगळे, माशाच्या तुकड्याचे वेगळे. केळीच्या पानाचेही वेगळे आणि लिंबाच्या फोडीचेही! आपल्या मनाला हे जरा खटकतं. पानाचे कसले पैसे घेता, अशी आपली संस्कृती. पण दोन-चार दिवस तिथे जेवलं की त्यातली सोय ध्यानात येते. महिन्याच्या पंचवीस तारखेला ज्याचा खिसा रिकामा, तो भात, डाळ आणि बटाट्याचं भाजा घेऊन उठतो. त्याला मांडी लावून बसलेला पगार झालेला माणूस हिलसा मागवतो. एकाच बाकावर, एकाच वाढप्याकडून. कमी खाणाऱ्याला जास्त खाणाऱ्याचा भुर्दंड नाही आणि ‘अर्धी थाळी द्या’ म्हणण्याची लाजही नाही.

मेनू फळ्यावर नाहीतर वाढप्याच्या तोंडात. रुई, कातला, पाबदा, पार्शे, चिंगडी असा तो एका दमात म्हणत जातो आणि परक्याला त्यातलं शेवटचंच नाव काय ते लक्षात राहतं. यादी रोज बदलते, कारण ती बाजारावर अवलंबून. सकाळी जे मिळालं ते दुपारी पानावर. दोन वाजता पाबदा संपला म्हणजे संपला. आमच्यासारख्यांनी हीच खूण धरावी. जिथे दुपारी काहीतरी ‘संपलेलं’ असतं तिथे बिनधास्त बसावं. सगळं काही सदा सर्वकाळ हजर असतं, त्या स्वयंपाकघराविषयी मला शंका येते. मासे न खाणाऱ्यांनीही बिचकू नये. कारल्याची किंचित कडवट शुक्तो आणि खसखशीतला बटाटा, म्हणजे आलूपोश्तो, एवढ्यावर दुपार सार्थकी लागते. फक्त सरसूच्या तेलाशी पहिले दोन दिवस जुळवून घ्यायचं.

न्यू मार्केटजवळ जानबाजारात सिद्धेश्वरी आश्रम नावाचं दुसरं पाइस हॉटेल आहे. (आश्रम नाव ऐकून सात्त्विक मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये, मासे तिथेही मिळतात.) तिथल्या एका पदार्थाचं नाव ‘कोबिराजी झोल’. कविराज म्हणजे तिकडचे वैद्य. कच्ची केळी आणि बटाटा घातलेला माशाचा पातळ, बेताच्या मसाल्याचा रस्सा. आजारातून उठलेल्याला वैद्यबुवांनी सांगावा असा. हॉटेलात आणि आजाऱ्याचं जेवण! इथे जेवणाऱ्यांच्या घरी पथ्याचं करून घालणारं कुणी नाही, हे मालकाला कधीच कळलेलं होतं. पाच दिवसांच्या तिखट-तेलकटानंतर मी तो रस्सा भातावर ओतून घेतला, तेव्हा त्या चांदण्या मोजणाऱ्या फोनवाल्यांनी या वाटीला किती दिल्या असत्या, असा विचार मनात आला.

चेन्नईत हीच मंडळी ट्रिप्लिकेनला सापडतात. तिथे ‘मॅन्शन’ असतात, म्हणजे नाव महालाचं आणि आत एकट्या पुरुषांच्या काडेपेटीएवढ्या खोल्या. त्यांच्या आसपास मेस. काशी विनायगा मेसमध्ये मी टोकन घेऊन खुर्चीवर ताटकळलो आहे. पण एकदा पानावर बसलं की सांबार, वत्तकुळंबू, रसम, ताक असा क्रम बिनबोभाट सुरू होतो, आणि आपलं जेवण होताच मागचा टोकनवाला आपल्या जागेकडे बघू लागतो. गप्पा मारायला जाऊ नये.

या ‘परक्यांच्या पंगतीत’ सगळ्याच परक्यांना जागा होती असं मात्र नाही. याच ट्रिप्लिकेनमध्ये १९५७ साली एका हॉटेलच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द हटवावा म्हणून पेरियारांनी आंदोलन सुरू केलं आणि ते महिनोन्‌महिने चाललं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. आज आपण अनोळखी माणसाशेजारी बसून वरण मागतो ते किती सहज! ‘हिंदू हॉटेल’, ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ अशी जुनी नावं वाचताना मला ही दुसरी बाजू आठवते.

मुंबईत माटुंग्याच्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये १९४२ पासून पंगती उठताहेत, त्याही आधी दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेल्यांच्याच. पण मुंबईच्या खऱ्या खाणावळी गिरणगावातल्या, चाळीच्या खोलीत चालणाऱ्या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार गाळ्यात पाळीपाळीने झोपायचा आणि खाणावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. ती वाण्याकडून उधारीवर शिधा आणायची आणि व्याजाखाली दबायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यातून बँकेच्या कर्जाची वाट त्यांना मोकळी झाली. मग १९८२ चा संप. पगारच थांबले तिथे खाणावळीचं बिल कोण भागवणार? आज परळ-लोअर परळच्या काचेच्या इमारतींत खाण्याची ठिकाणं रगड आहेत. त्या खोल्यांतलं कालवण मात्र फोनवर शोधून मिळायचं नाही. जेवणारा गेला आणि त्याच्यामागोमाग चूलही गेली.

ही सगळी विद्या मी मोठ्या हौसेने माझ्या मुलीला दिली. ती नोकरीनिमित्त बंगळुरात असते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाबा, या तुमच्या मेसमध्ये बाई एकटी जेवताना तुम्ही किती वेळा पाहिलीत?’ मी आठवू लागलो. वाटणारी, लाटणारी, वाढणारी बाई आठवली. जेवणारी आठवेना. फार तर पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’, आणि तिथेही बरोबर कुटुंब असेल तरच. परगावी एकट्या आलेल्या बाईने पूर्वी खोलीत बसून बिस्किटं खायची, असाच जणू रिवाज होता.

तिची रीत वेगळी आहे. ती दारातून आत एक नजर टाकते: एकटी बसलेली दुसरी बाई दिसते का? दिसली तर आत, नाहीतर पुढे. बंगळुरात तिची अडचण दर्शिनींनी सोडवली. १९८३ साली जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ निघालं, आणि त्या धर्तीची ठिकाणं पुढे शहरभर झाली. आधी पैसे भरायचे, कुपन द्यायचं, इडली-वडा घ्यायचा आणि उंच टेबलाशी उभ्याने खायचं. स्वयंपाकघर समोर, रस्ता समोर. मला सुरुवातीला ते घोड्यावरचं खाणं वाटलं. बसल्याशिवाय जेवण कसलं? ती म्हणाली, ‘उभ्याने खाताना कुणी विचारत नाही, एकट्याच का? कुणाची वाट बघताय का? दहा मिनिटांत खाऊन चालू पडायचं.’ तेव्हापासून मी दर्शिनीला नावं ठेवत नाही.

आणि पुण्यात कुणी पाहुणा आला, तर त्याला मी नावाजलेल्या थाळीवाल्याकडे पाठवत नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठेच्या गल्ल्यांत रात्री आठच्या सुमारास फिरा म्हणतो. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली हजारो मुलं-मुली इथे कॉट घेऊन राहतात आणि महिन्याच्या कुपनावर मेसमध्ये जेवतात. २०२० च्या टाळेबंदीत ही मुलं गावी परतली आणि कित्येक मेसच्या शेगड्या विझल्या. मुलं परत आली तशा त्या पुन्हा पेटल्या. चपाती, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण-भात. ठेचा मागितला तर मिळतो. टेबलावर चालू घडामोडींचं पुस्तक उघडं, एक हात त्यात आणि एक ताटात. मुली एकेकट्या येतात, जेवतात, निघून जातात, आणि कुणाची मान वळत नाही. महिन्याचं कुपन नसेल तर काउंटरवर ‘गेस्ट आहे’ म्हणून सांगायचं, एका ताटाचे पैसे भरायचे आणि मिळेल त्या खुर्चीवर बसायचं.

फक्त आज जाऊ नका. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेसना सुट्टी असते.