उकिरड्याचे दैव

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, अशी म्हण आहे. इंदुरास ती खरी ठरली. शहराबाहेर नेमावर रस्त्यावर देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साचलेला सुमारे १३ लाख टन कचरा २०१८ साली उपसून, चाळून आणि निवडून हलविण्यात आला व जवळजवळ १०० एकर जमीन मोकळी झाली. पुढे तेथेच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ओल्या कचऱ्यापासून मोटारींना चालेल असा वायू तयार करणारा कारखाना सुरू झाला. दिवसाला ५५० टन कचरा पचविण्याच्या क्षमतेचा तो बांधलेला आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१६ साली पंचविसाव्या स्थानी असलेल्या या शहराने २०१७ ते २०२३ अशी ओळीने सात सर्वेक्षणे पहिला क्रमांक सोडला नाही. शेवटच्या खेपेस मात्र तो सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला.

या यशाचे मूळ स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवलेल्या डब्यांत आहे. बटाट्याच्या साली एका डब्यात, कागद व बाटल्या दुसऱ्यात, आणि सकाळी दारात येणाऱ्या गाडीच्या निरनिराळ्या कप्प्यांत ते निरनिराळे टाकणे, ही सवय शहराने अंगी बाणविली. कढीने भिजलेला कागद रद्दीला निरुपयोगी होतो आणि काचेच्या कपच्या मिसळलेल्या साली खतास निरुपयोगी होतात. म्हणून वेगळा ठेवलेला कचरा हाच कामाचा कचरा होय.

परंतु याच यशातून एक गोड गैरसमजही पसरला आहे. वेगळे करून दिले की सर्व काही पुन्हा नवे होऊन परत येते, आणि डबा गाडीत रिकामा केला की गृहिणीचे व गृहस्थाचे कर्तव्य संपले, असा हा समज आहे.

या समजाला मराठी भाषेनेही थोडा हातभार लावला आहे. ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द दोन भिन्न क्रियांना लावला जातो. मुरंब्याची बरणी रिकामी झाल्यावर तीत मेतकूट भरणे, हा पुनर्वापर. तीच बरणी फोडून, वितळवून तिची नवी बाटली करणे ही निराळी गोष्ट आहे; तिला पुनश्चक्रीकरण असा दातांत अडकणारा शब्द आहे. पहिल्या क्रियेला पाणी आणि चिमूटभर साबण पुरतो. दुसरीला निवडणारे हात, मालमोटार, भट्टी, इंधन आणि अखेरीस तो माल विकत घेणारे गिऱ्हाईक लागते. यांतील एक जरी नसले तरी साखळी तुटते.

ही साखळी किती मजबूत आहे, हे पदार्थाच्या जातीवर अवलंबून असते. धातू या बाबतीत सर्वांत गुणी. भंगारातील ॲल्युमिनियम पुन्हा ओतण्यास, खनिजापासून नवे काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या अवघी ५ टक्के ऊर्जा पुरते. फुटके पातेले म्हणूनच रस्त्यावर पडून राहत नाही. भंगारवाला ते पैसे मोजून नेतो. काचही कितीही वेळा वितळते. मात्र ती जड असते, रंगांची सरमिसळ झाली की तिचे मोल उतरते, आणि भट्टीला इंधन लागतेच. गोटीच्या सोड्याची बाटली धुऊन पुन्हा भरली जात असे, त्यात भट्टीचे काम नव्हते. कागदाचे तंतू तर दर खेपेस आखूड होतात. पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांत कागद धरून ठेवण्याची ताकद उरत नाही; वहीचा पुठ्ठा होतो आणि पुठ्ठ्याचा अखेरीस लगदा.

खरी अडचण प्लास्टिकची. प्लास्टिक ही एक वस्तू नसून अनेक परस्परविरोधी स्वभावांच्या पदार्थांचे ते आडनाव आहे. एक जात दुसरीत मिसळून वितळविली तर दोन्ही बिघडतात. बाटल्यांच्या बुडाशी त्रिकोणात जो आकडा छापलेला असतो तो या जातीचा निर्देश करतो. १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक व्यावसायिकांच्या संघाने ही पद्धत घातली. फिरत्या बाणांचा तो त्रिकोण पाहून वस्तू हमखास नवी होणार असे ग्राहकास वाटते; आकडा मात्र केवळ कूळ सांगतो, भविष्य सांगत नाही. पाण्याच्या बाटलीचे नशीब त्यातल्या त्यात बरे, कारण तिला गिऱ्हाईक आहे. तरीही बहुधा तिची पुन्हा बाटली न होता धागा होतो, धाग्याचे कापड होते, आणि ते कापड फाटले की पुढचा रस्ता बंद होतो.

आता बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन घ्यावे. ते दिसते एक, पण असतात अनेक पापुद्रे. एकावर छपाई, दुसऱ्यावर हवा आणि प्रकाश अडविणारा धातूचा मुलामा, आतला गरम करून चिकटविण्यासाठी. हे पापुद्रे परवडेल अशा खर्चात सुटे होत नाहीत. शिवाय वेष्टन भरते जेमतेम काही ग्रॅम. किलोभर गोळा करण्यास शेकडो वेचावी लागतात. कचरा वेचणाऱ्या बाईला वजनावर पैसे मिळतात. तिने बाटली उचलावी आणि वेष्टन तसेच सोडावे, यात तिचा काय दोष? स्वच्छ शहरांत ही वेष्टने गोळा होतात हे खरे. पण त्यांचा मोठा भाग सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून जातो. उकिरड्यावर कुजत न पडणाऱ्या वस्तूस जाळणे हे कदाचित बरे असेल, पण जळालेले वेष्टन परत येत नाही आणि पुढच्या पुड्यासाठी नवे तेल जमिनीतून काढावेच लागते.

जगाचा हिशेबही हेच सांगतो. रोलँड गेयर आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणे १९५० ते २०१५ या काळात जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यांपैकी सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि या कचऱ्यातील केवळ ९ टक्के भाग पुनश्चक्रीकरणाच्या वाटेला लागला. एकाहून अधिक वेळा ही वाट चालला तो या नवातलाही दहावा हिस्सा. श्रीमंत देश आपले प्लास्टिक वर्षानुवर्षे चीनला धाडून देत आणि आपल्या हिशेबात ते ‘पुनश्चक्रित’ म्हणून लिहीत. २०१८ साली चीनने दार लावले, तेव्हा त्या हिशेबाचा पोकळपणा त्यांच्या बंदरांवर येऊन उभा राहिला.

मग घराने करावे तरी काय? उत्तर डब्यापाशी मिळणार नाही, ते दुकानाच्या फळीपाशी शोधावे लागते. डाळ, तांदूळ, पोहे सुटे घेणे अजून पुष्कळ गावांत शक्य आहे. जे बांधूनच घ्यावे लागते ते दहा लहान पुड्यांऐवजी एका मोठ्या पुड्यात घेतले तर तेवढ्याच मालास वेष्टन कमी लागते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, काटे, नळ्या अशा काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, पण बिस्किटाचे वेष्टन त्या यादीत नाही. चहाचा कागदी पेला निरुपद्रवी वाटतो. आतून त्यालाही प्लास्टिकचे अस्तर असते. कापडी पिशवीबाबतही सावध असावे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, हवामानावरील परिणामाचा विचार करता सुती पिशवी १३१ वेळा वापरावी तेव्हा ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीस येते. समारंभात फुकट मिळालेल्या वीस पिशव्या कपाटात घड्या करून ठेवणे म्हणजे काटकसर नव्हे.

जुन्या घरांत यातले पुष्कळ काही ठाऊक होते, हे सांगताना गहिवरून जाण्याचे कारण नाही. बोहारीण दारात बसून जुन्या लुगड्यांवर भांडे देई, उरल्या चिंध्यांची गोधडी होई, काथ्याने व राखेने भांडी निघत. पण या सर्वांमागे टंचाई होती आणि घरातील बायकांचे न मोजलेले श्रम होते. ते श्रम पुन्हा त्यांच्याच माथी मारून घरे स्वच्छ राखण्याचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. तेव्हाची एक सोय मात्र आज उचलण्याजोगी आहे, आणि इंदुरात ती उचललीही गेली: लग्न, मुंज वा भंडारा यांसाठी थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी स्टीलची भांडी वापरावयास देणारी ‘बर्तन बँक’. मराठी माणसास यात नवल वाटू नये. देवस्थानाची किंवा मंडळाची ताटे-वाट्या कार्यासाठी आणण्याचा प्रघात त्याच्या आजोबांच्या काळी होताच. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेले असे. पंगत उठली की भांडी घासून मोजली जात, आणि एखादे फुलपात्र कमी भरले तर ते सापडेपर्यंत मांडव उतरत नसे.